सोयीचे भाडे

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे ऊन ऊन पाणी अंगावर घेताना ते पाणी बंबात आले कोठून, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोणाकडे ते आडावरून घागरीने येते, कोणाकडे हापशावरून, कोणाकडे नळाने. आणि उन्हाळ्याचे दिवस असले तर आमच्या मराठवाड्यात पुष्कळांकडे टँकरने. पाणी एकच. परंतु ते घरात येण्याचे हे जे चार मार्ग आहेत, त्यांवरून त्या घराची मिळकत काय, त्यांना भाडे किती पडते आणि ती माणसे गावाच्या कोणत्या अंगाला राहतात, हे बहुतेक वेळा बिनचूक सांगता येते.

राजुरेश्वर गणपतीचे आमचे राजूर भोकरदन तालुक्यात, जालन्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. चतुर्थीला येथे यात्रेकरूंची रीघ लागते. एरवी हे शेतकऱ्यांचे आणि लहान दुकानदारांचे गाव. जालन्यात मजुरी राजुरापेक्षा जास्त मिळते, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. मुंबईत ती जालन्याहूनही जास्त मिळते. मग सारे राजूर उठून जालन्याला का जात नाही, आणि सारे जालना मुंबईला का जात नाही? हा प्रश्न वर्गात घातला तर मुले हसतात. गावच्या पारावर घातला तर म्हातारी माणसे चार शब्दांत उत्तर देतात, "मिळते जास्त, उरत नाही."

उत्तर खरे आहे, पण ते अर्धे आहे. जास्त मिळालेले जाते कोठे, हे त्यात नाही. ते ज्याच्या हाती जाते त्याचा माग काढायचा तर थोडे इतिहासात शिरावे लागेल.

आपल्याकडे शहर वसवायचे म्हणजे आधी पाणी आणायचे, अशी रीत होती. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे राजधानीची उभारणी आरंभली, तेव्हा त्या जागेला डोंगर होते, वाटा होत्या, पण शहराला पुरेल इतके पाणी नव्हते. त्याने डोंगराच्या पोटातील झरे जमिनीखालच्या नहरींतून, नुसत्या उताराच्या बळावर, शहरात आणून सोडले. ती नहर-ए-अंबरी. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्या शहराची पहिली खरी वस्ती जमली ती त्या पाण्यामागे. आमच्या जालन्यातही जमशेदखानाने त्याच सुमारास तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत खेळवले होते. 'जालना सोने का पालना' ही म्हण नुसत्या व्यापाराने झाली नाही. पाळण्याखाली पाणीही होते.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणले आणि ठिकठिकाणी हौद बांधले. हौद सार्वजनिक असल्यामुळे पाण्याला वेगळे मोल द्यावे लागत नसे. परंतु पाण्याजवळचे घर आणि पाण्यापासून दूरचे घर यांत तेव्हाही अंतर होतेच. म्हणून नवी पेठ वसवायची झाली की सरकार शेटे-महाजनांना कौल देई, आणि जो तेथे येऊन घर बांधील त्याला काही वर्षे कर माफ करी. अर्थ उघड आहे. जेथे अजून बाजार नाही, शेजार नाही, रस्ता धड नाही, तेथे माणूस फुकट येत नाही. त्याच्या गैरसोयीची भरपाई कोणी तरी करावी लागते. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना हे कळत होते.

मात्र त्या काळी कोणी कोठे राहावे हे केवळ पैशावर ठरत नव्हते, याचाही विसर पडू नये. हौद सार्वजनिक म्हणावा तर तो सर्व जनांचा नव्हता. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही गोष्ट आज आपण अभिमानाने सांगतो; पण ज्या शहरात शतकाहून अधिक काळ पाणी खेळत होते तेथे हे करावे लागले, हेही त्याच गोष्टीत आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ज्याला कितीही भाडे देऊन पाण्याजवळ राहता येत नाही, त्याच्या बाबतीत भाड्याचा हिशेब सुरूच होत नाही. गावकुसाबाहेरची पुष्कळ माणसे मुंबईची वाट धरती झाली, त्यामागे मजुरीइतकेच हेही कारण होते. मुंबईतही चाळी जातवार होत्या. तरी गिरणीच्या भोंग्याला आणि आगगाडीच्या डब्याला गावच्या पाटलाइतकी सत्ता नव्हती.

आता आपण मुंबईला येऊ. कारण सोय, मजुरी आणि भाडे या तिघांचे नाते तेथे जितके उघडे पडले तितके आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी पडले असेल.

१८५४ साली मुंबईत पाण्याची भयंकर टंचाई झाली. त्याच साली कावसजी दावर यांच्या पहिल्या कापूस गिरणीचा प्रारंभ झाला. पुढे विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले, तुळशीचे १८७९ साली आणि तानसाचे १८९२ साली. १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली होती, १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली. कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून माणसे लोटू लागली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाखांच्या वर गेली.

पण गिरणीत काम करणाऱ्याला राहायचे कोठे? पाळी सुरू व्हायच्या आधी भोंग्याला हजर राहिले पाहिजे. ट्रामला रोजचे पैसे घालणे मजुरीत बसत नाही. उधारी देणारा वाणी आणि कामावर घेणारा जॉबर ही दोन्ही दैवते गिरणीच्या आसपासच असतात. तेव्हा चालत पोचता येईल अशी खोली, हीच गिरणी कामगाराची सर्वांत मोठी सोय होती. परळ, लालबाग, शिवडी, भायखळा येथील जमीनमालकांनी ती सोय ओळखली आणि तिचे भाडे लावले. एका खोलीत माणसे वाढू लागली. गावकीच्या मंडळांनी सामाईक खोल्या घेतल्या. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी त्याच पथाऱ्यांवर निजे, आणि जेवण खानावळीत होई. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईतली दर शंभरांत साठांहून अधिक माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. या माणसांच्या बायका, म्हातारे आईबाप आणि पुष्कळदा मुलेही गावीच होती. गावात त्यांना घरभाडे नव्हते. परड्यात भाजी होती, खाचरात थोडे भात होते. म्हणजे मुंबईची मजुरी एका माणसाला पुरे, आणि बाकीच्या कुटुंबाचा निवारा गाव सांभाळी. कोकणातल्या त्या भाड्यावाचूनच्या घराने गिरणीमालकाच्या मजुरीला हातभारच लावला, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही. शहराच्या हिशेबवह्यांत ही रक्कम कोठेच जमा नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडा पडला, आणि या नात्याची दुसरी बाजू जगाला दिसली. पाणी भरपूर आले होते, पण ते वाहून नेणारी गटारे धड नव्हती. खोल्या होत्या, पण त्यांत उजेड नव्हता. माणसे घरेदारे टाकून पळाली. थोड्याच महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामे झाले. ज्या मुंबईत राहणे ही सोय होती, तेथेच राहणे हे जिवावरचे धाडस झाले. मग काय झाले? जे गिरणीमालक महिन्याची मजुरी पुढच्या महिन्यापर्यंत अडकवून ठेवीत, तेच रोजच्या रोज रोख मजुरी मोजू लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली. एका गिरणीचा माणूस काही देऊ म्हणे, दुसरीचा त्यावर चढवी. कामगारांच्या अंगात एकाएकी काही कौशल्य आले नव्हते. शहर वाईट झाले होते, आणि वाईट ठिकाणी माणूस ठेवायचा तर मजुरी वाढवून द्यावी लागते, एवढेच त्यातले तत्त्व. पेशव्यांनी ओसाड पेठेत कर माफ केला आणि गिरणीमालकांनी प्लेगात मजुरी वाढवली, या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत.

प्लेगाने सरकारचेही डोळे उघडले. १८९८ साली कायदा होऊन इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, वारा येईल असे रुंद रस्ते काढायचे, नवी वसाहत आखायची, असा त्याचा बेत होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निघाले. हेतू चांगला होता. पण वस्ती पाडणे सोपे आणि खोली बांधणे अवघड, त्यामुळे पुष्कळ वर्षे पाडापाडी पुढे आणि बांधकाम मागे असे चालले. नवा रस्ता झाला की त्याच्या दुतर्फा जमिनीचा भाव चढे. ज्याची खोली पाडून रस्ता काढला त्याला त्या रस्त्यावरची खोली परवडत नसे. तो शेजारच्या गल्लीत जाई आणि तेथली गर्दी वाढवी. म्हणजे शहराच्या एका भागात वारा खेळू लागला, तो दुसऱ्या भागाचा श्वास कोंडून.

याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला मोकळी जागा आखून दिली. रुंद रस्ते, झाडे, नळ, मलनिःसारण, पुढे वीज आणि ट्राम, असे सारे आधी योजून वसवलेले ते भाग. तेथे कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर अशी मध्यमवर्गीय मंडळी आली. गिरणी कामगार आला नाही. त्याच्यासाठी ट्रस्टच्या चाळी होत्या. परळच्या अशाच एका चाळीत दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे कुटुंबासह राहत होते, आणि १९३० नंतरच्या दशकात ते ट्रस्टनेच आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहायला गेले. परळ ते दादर हे अंतर चालत जाण्याइतके. पण एका आयुष्यात ते ओलांडणारे त्या चाळींतून किती निघाले असतील?

पहिल्या महायुद्धाने धान्य महागले, भाडी भडकली. सरकारने १९१८ साली भाडे गोठवणारा कायदा केला, आणि १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभारला. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. त्या चाळींना आजही लोक 'बीडीडी' म्हणतात.

या २०७ चाळींपैकी १२१ एकट्या वरळीला आहेत, आणि वाचकांनी या वरळीच्या चाळींकडे जरा निरखून पाहावे अशी माझी विनंती आहे. मुंबईत एकेका खोलीत माणसे दाटीवाटीने राहत असताना वरळीच्या या नव्या कोऱ्या खोल्या १९२०-३० च्या दशकात मोठ्या संख्येने रिकाम्या पडल्या होत्या. बांधायला जो खर्च आला त्या मानाने सरकारने भाडेही कमी लावले होते. तरी कामगार गेला नाही. कारण तेथे बाजार नव्हता, वाहन नव्हते, उधारी देणारा वाणी नव्हता. सिमेंटच्या भिंती उन्हात तापत आणि पावसात ओल धरीत. सरकारने घर बांधले, परंतु घराभोवतीचे गाव बांधले नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात त्याच रिकाम्या चाळींत सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग थाटला, यापरती त्या खोल्यांची आणखी कोणती परीक्षा हवी?

पुढे तेथे रस्ते झाले, बस आली, बाजार भरला, शाळा निघाल्या. १६० चौरस फुटांची ती खोली हवीहवीशी झाली, आणि तिच्यात तीन-तीन पिढ्या नांदल्या. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. आसपासच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. आज वरळीचा चौरस फूट देशातल्या महागड्या जागांत गणला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातून ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या खोलीत कोणी यायला तयार नव्हते, तिच्या बदल्यात मिळालेले हे घर आता विकत घेऊ म्हटले तर कामगाराच्या चार पिढ्यांची मजुरी पुरणार नाही. खोलीत काय बदल झाला होता? काही नाही. भिंती त्याच, छप्पर तेच. बदल झाला तो भिंतींच्या बाहेर. माणूस भाडे देतो ते चार भिंतींचे नव्हे. तो भाडे देतो ते दाराबाहेरच्या नळाचे, दिव्याचे, गाडीचे, शाळेचे, दवाखान्याचे. आणि हे सारे घरमालकाने बांधलेले नसते.

हेच तत्त्व अमेरिकेत जेनिफर रोबॅक यांनी १९८२ साली एका निबंधात गणिताने मांडले. मजुरी, भाडे आणि जीवनाची प्रत या तिघांची त्यांनी सांगड घातली. गणित बाजूला ठेवले तर त्यातला विचार आपल्या पारावरच्या म्हाताऱ्यालाही पटेल असा आहे. एखादे गाव राहायला चांगले असेल तर माणसे तेथे येतात. ती येत राहिली की घरांची भाडी चढतात, आणि हात पुष्कळ झाले म्हणून मजुरीही थोडी दबते. हे कोठवर चालते? तर तेथे जाण्यात वेगळा फायदा उरत नाही तोवर. ज्या गावात धूर, घाण किंवा धोका असेल तेथे याच्या उलट होते. भाडे उतरते आणि मजुरी चढवावी लागते. थोडक्यात, सोय फुकट मिळत नाही. तिचे पैसे पाणीपट्टीत थोडे आणि घरभाड्यात फार, असे वसूल होतात. मुंबईत भाडे आणि मजुरी दोन्ही चढलेली दिसतात, कारण तेथे माल करणाऱ्यालाही त्या जागेची गोडी आहे. बंदर, बाजार, पेढी त्याला हाताशी लागतात. म्हणून तो जास्त मजुरी देऊ शकतो, आणि ती मजुरी पुन्हा भाड्याच्या वाटेने जाते.

कामगारांच्या जमाखर्चाचा इतिहास हेच बोलतो. १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने मुंबईच्या कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा महिन्याची मिळकत सरासरी ५२ रुपयांच्या आसपास होती आणि खर्चात भाड्याचा वाटा शंभरात आठच्या जवळ होता. १९३२-३३ च्या पाहणीत मिळकत ५० रुपयांवर उतरली होती, पण भाड्याचा वाटा तेराच्या घरात गेला होता. मधल्या काळात धान्य स्वस्त झाले होते. अन्नात जे वाचले त्यातले बरेचसे खोलीने खाल्ले.

मग भाडेच बांधून टाकले तर? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० ला असलेले भाडे हे प्रमाण धरले. फाळणीची आणि टंचाईची वर्षे होती ती. कायदा झाला नसता तर लाखो बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती, हे मान्य केले पाहिजे. परंतु कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षांवर राहिला. रुपयाची किंमत उतरत गेली, भाडे मात्र जेथल्या तेथे. मालकाने चुना लावणे सोडले, जिने खचले. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारलाच मंडळ नेमावे लागले. नवीन चाळ भाड्याने देण्यासाठी बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. आणि भाड्याच्या दाराने जी किंमत आत येऊ दिली नाही, ती पागडीच्या खिडकीने आली. खोलीत जो आधीपासून होता तो तरला. जो नंतर गावाहून आला त्याच्यासाठी दार बंद होते. तो झोपडपट्टीत गेला, जेथे कायद्याचे भाडे नव्हते आणि नळही नव्हता. १९९९ साली नवा कायदा आला, पण तोवर दोन पिढ्यांचे घर ठरून गेले होते.

या साऱ्या खटाटोपात सामान्य माणसाला खरा दिलासा कोणी दिला असेल तर तो आगगाडीने, असे माझे मत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडेही ती आली. मासिक पासाच्या पैशांत माणूस दूर राहून शहरात काम करू लागला. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बोरिवली, विरार वसली ती या पासावर. सोय एका ठिकाणी कोंडून न ठेवता ती रुळांवरून दूरवर पसरवली, म्हणून भाड्याचा जोर काहीसा विभागला गेला. अर्थात यालाही किंमत आहेच. कल्याणला राहणारा जे भाडे पैशांत वाचवतो, ते तो रोज तासांत भरतो, आणि गर्दीच्या डब्यात उभ्याने भरतो. ती पावती कोठे मिळत नाही, एवढेच.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला. संपानंतर गिरण्या एकेक बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या नियमांनी त्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट उघडली. ज्या जमिनीला विहार-तानसाचे पाणी, रुळ, रस्ते आणि लाखो कामगारांच्या वस्तीने मोल आणले, त्या मोलाचा मोठा भाग ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्याकडे गेला. सोय उभारली सर्वांच्या कराने, तिला जिवंत ठेवले कामगारांच्या गर्दीने, आणि तिची किंमत खिशात घातली तिसऱ्यानेच. पारावरच्या म्हाताऱ्याच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग हा आहे.

एवढी मुंबई पाहून परत आपल्या मुलखाकडे वळायचे कारण असे की, मुंबईत दीडशे वर्षांत जे झाले तेच आमच्याकडे लहान मापात आता होत आहे. जालन्याला १९०० साली आगगाडी आली; निजामी अमदानीत घाणेवाडीचा तलाव झाला आणि त्याचे पाणी उताराने शहरात येऊ लागले. पुढे बियाण्यांच्या व्यवसायाने आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी जालन्याचे नाव देशभर नेले. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. माणसे वाढली, पाणी मात्र तेवढेच राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराला टँकरचे दिवस पाहावे लागले. मग पैठणच्या नाथसागराचे पाणी नळाने जालन्याला आणले गेले. आता समृद्धी महामार्गही जालन्याजवळून गेला आहे. जेथे पाणी पोचते, जेथे रस्ता फुटतो, तेथे भूखंडाची पाटी पाण्याच्याही आधी लागते. भट्टीच्या धगीपुढे राबणारा मजूर, पुष्कळदा उत्तरेकडून एकटा आलेला, तेथे घर घेणार नाही. त्याचेही कुटुंब गावीच आहे, जसे एकेकाळी गिरणी कामगाराचे होते.

आम्हां शिक्षकांना तर हा धडा पगारपत्रकातच छापून मिळतो. सरकारने शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग पाडून घरभाडे भत्ता लोकसंख्येप्रमाणे ठरवला आहे. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, छत्रपती संभाजीनगर दुसऱ्यात, आणि जालना व राजूर दोन्ही तिसऱ्यात. सातव्या वेतन आयोगाने मूळ पगारावर शेकडा २४, १६ आणि ८ असे प्रमाण आरंभी धरले. म्हणजे सोयीचे भाडे असते हे सरकारला मान्य आहे. पण गैरसोयीचीही भरपाई द्यावी लागते, ही पेशव्यांच्या कौलातली दुसरी बाजू या कोष्टकात नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे. मराठवाड्यातले कितीतरी नोकरदार खेड्यात नोकरी करतात आणि बिऱ्हाड शहरात ठेवतात. सकाळी एस.टी. त्यांना आणते आणि संध्याकाळी नेते. कर्मचाऱ्याने नोकरीच्या गावीच राहावे अशी फर्माने निघतात. पण फर्मानाने कोणी वरळीच्या रिकाम्या खोलीत गेला नाही, तो खेड्यातही जाणार नाही. त्याच्या मुलांना चांगली शाळा, बायकोच्या बाळंतपणाला दवाखाना आणि घरात रोज पाणी, एवढे मिळाले तर त्याला फर्मान लागणार नाही.

हीच गोष्ट शेतकऱ्याची. मुलांच्या शिक्षणासाठी आई दोन लेकरांना घेऊन जालन्याला किंवा संभाजीनगरला एका खोलीत राहते, बाप गावी शेत सांभाळतो. दोन चुली झाल्या. कापूस-सोयाबीनच्या पैशातून जे भाडे जाते ते खोलीचे नाही, शाळेचे आहे. पूर्वी बाप मुंबईला जाई आणि आई गावी राही. आता आई शहरात आणि बाप गावी. कुटुंब दुभंगले ते दुभंगलेच.

यावर उपाय काय, हे सांगण्याइतका मी मोठा नाही. पण इतिहास काय सांगतो ते सांगता येते. नुसती घरे पाडून भागले नाही, नुसती घरे बांधून भागले नाही, नुसती भाडी बांधूनही भागले नाही. भागले तेथे, जेथे सोय दुर्मिळ राहिली नाही. ज्या वस्तूची टंचाई असते तिचेच भाडे चढते. दर पाच कोसांवर चांगली शाळा, धड दवाखाना आणि बारमाही पाणी असेल, तर जालन्याच्या एका खोलीला आजचे भाडे कोण देईल? आणि शहरात सार्वजनिक पैशाने जी सोय होते, तिने जमिनीचा जो भाव चढतो, त्यातला काही वाटा पुन्हा सार्वजनिक कामाकडे वळवला, तर पुढची सोय उभी करायला पैसा मागायला नको.

या भाऊबीजेला मुंबईहून, पुण्याहून, संभाजीनगरहून भावंडे घरी येतील. फराळ झाल्यावर सर्वांनी मिळून एक हिशेब मांडून पाहावा. एका कागदावर प्रत्येकाने चार आकडे लिहावेत: महिन्याला मिळते किती, घराला जाते किती, कामावर जाण्यायेण्यात रोज तास किती मोडतात, आणि नळाला पाणी किती वेळ येते. मुंबईच्या भावाचा पहिला आकडा मोठा निघेल, गावच्या भावाचा दुसरा लहान निघेल, आणि शेवटी कोण पुढे आहे यावर घरात चांगला वाद होईल. त्या वादात आईलाही बोलू द्यावे. गावचे बिनभाड्याचे घर इतकी वर्षे तिनेच सांभाळले आहे.